जुनी इंग्रजी मोटरसायकल: आधी चालती करा, रंगाचं नंतर

इंदुरात जुनी इंग्रजी मोटरसायकल विकायला काढणारा जवळपास प्रत्येक जण एकच कथा सांगतो: ‘महूची आहे, एका साहेबाची होती.’ महूची छावणी १८१८ सालची, त्यामुळे कथा खरीही असू शकते. ऐकून घ्यायची, मान डोलवायची आणि फ्रेमवरचा नंबर बघायला खाली वाकायचं.

गाडी घरी आल्यावर काय करायचं, ते इथे सांगतो. उदाहरण म्हणून बीएसए एम२० घेतली आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश लष्करासाठी या मॉडेलच्या सव्वा लाखाच्या वर गाड्या बनल्या. इंजिन ४९६ सीसी, एक सिलिंडर, साइड व्हॉल्व्ह; बोअर ८२ आणि स्ट्रोक ९४ मिलिमीटर. पुढे गर्डर फोर्क, मागे सस्पेन्शन काहीच नाही, चाक थेट फ्रेममध्ये. संथ, जाडजूड, सोपं यंत्र. तुमच्याकडे मॅचलेस जी३एल किंवा नॉर्टन १६एच असेल तर आकडे बदलतील, कामाचा क्रम तोच राहील.

आणि क्रमच महत्त्वाचा आहे. रामबागेपासून सुदामानगरपर्यंत कितीतरी घरांच्या माळ्यावर पोत्यात भरलेली इंजिनं पडून आहेत. मालकाने उत्साहात पहिल्याच रविवारी गाडी पूर्ण उघडली, फ्रेम रंगाला दिली, टाकी क्रोमला दिली, आणि इंजिन जुळवायची वेळ आली तेव्हा कुठला वॉशर कुठला हे कुणालाच आठवेना. म्हणून जेवढं उघडल्याशिवाय चालणारच नाही तेवढंच उघडा. गाडी चालू झाली, थांबू लागली, थोडी फिरली, की काय बिघडलंय ते ती स्वतःच सांगते.

कागद आणि नंबर

फ्रेमचा नंबर हेडस्टॉकपाशी, म्हणजे हँडल जिथे फ्रेममध्ये बसतं तिथे असतो, इंजिनाचा क्रँककेसवर सिलिंडरच्या बुडाशी. लष्करी एम२० चे नंबर ‘डब्ल्यूएम२०’ या अक्षरांनी सुरू होतात. दोन्ही नंबर एकसारखे नसतील तर घाबरू नका. लष्कराच्या वर्कशॉपमध्ये इंजिनं सर्रास बदलली जात. घाबरायचं ते आरसीवरचा नंबर आणि लोखंडावरचा नंबर वेगळा निघाला तर. अक्षरं वरखाली आहेत का, आजूबाजूची जागा ग्राइंडरने घासल्यासारखी सपाट आहे का, हे बॅटरीच्या तिरप्या उजेडात बघा. सरळ उजेडात घासलेली जागा लपते. नंबर स्वच्छ करायचा तर रॉकेल आणि दात घासायचा जुना ब्रश. सँडपेपर अजिबात नको.

गाडी दुसऱ्या राज्यातली असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, आणि मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३० विकणाऱ्याकडून सही करून आधी घ्या. पैसे पूर्ण दिल्यावर विकणाऱ्याचा फोन लागत नाही, हा सार्वत्रिक अनुभव आहे.

२०२१ साली केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांसाठी वेगळे नियम आणले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली आणि मूळ रूपात ठेवलेली दुचाकी त्यात बसते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये शुल्क, मुदत १० वर्षं. पुनर्नोंदणी ५,००० रुपयांत, ५ वर्षांसाठी. आधीच नोंदलेली गाडी आपला जुना नंबर ठेवू शकते. नव्याने नोंदली तर नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ येतं. अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, तांत्रिक अभ्यास, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. त्यामुळे नायता मुंडल्याला आरटीओत जाण्याआधी गाडी कशासाठी हवी ते घरात ठरवा. रविवारी सराफ्यात मिरवायची असेल तर साधं आरसी नूतनीकरण बरं. आणि ‘मूळ रूप’ हा शब्द लक्षात ठेवा: फ्रेम कापून मागे शॉकअब्जॉर्बर बसवले की व्हिंटेजचा दावा तिथेच संपला.

पाने: मेट्रिक बाजूला ठेवा

या गाडीवरचे नट व्हिटवर्थ, बीएसएफ आणि सायकल थ्रेडचे, म्हणजे जुन्या इंग्रजी इंचाच्या मापांच्या आट्यांचे. पान्यावरचा आकडा तोंडाची रुंदी सांगत नाही, बोल्टचा व्यास सांगतो. म्हणून पाव इंच व्हिटवर्थचा पाना प्रत्यक्षात सुमारे १३.३ मिलिमीटर उघडा असतो. त्या नटावर १३ चा पाना चढत नाही आणि १४ चा फिरतो. गल्लीतल्या मिस्त्र्याने चौदाचाच लावलेला असतो, आणि त्याचा पुरावा म्हणून नटाचे कोपरे गोल झालेले दिसतात. ३/८ व्हिटवर्थला मात्र १८ चा पाना छान बसतो आणि ७/१६ ला २१ चा चालतो. मधल्या मापांसाठी व्हिटवर्थचेच पाने घ्या, जुने असले तरी हरकत नाही. रिंग पाना आधी, फिक्स पाना नंतर, ॲडजस्टेबल पाना कधीच नको.

सायकल थ्रेडला इंचाला बहुतेक २६ आटे असतात. आटे झिजले की लेथवाला म्हणतो, ‘भिया, मेट्रिक का टॅप मार देता हूँ, दस मिनिट का काम है.’ त्याला चहा पाजा आणि नाही म्हणा. पोलोग्राउंड आणि सांवेर रोडच्या बाजूला इंचाचे आटे लेथवर कापून देणारे कारागीर आहेत. नमुन्याला चांगला बोल्ट सोबत न्या. तोंडी माप सांगू नका.

अडकलेल्या नटांना आदल्या रात्री डिझेल आणि इंजिन ऑइलचं मिश्रण लावून ठेवायचं. उघडण्याआधी प्रत्येक जोडाचा फोटो काढायचा आणि नट-बोल्ट निघाले त्याच जागेचं नाव लिहून वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवायचे. यावर यापेक्षा जास्त लिहिण्यासारखं नाही, पण न करणारेच पोत्यावाले होतात.

तेल: किक मारण्याआधी

गाडी आली त्या दिवशी किक मारू नका. या इंजिनात तेल वेगळ्या टाकीत असतं. पंप ते इंजिनात ढकलतो आणि दुसऱ्या बाजूने टाकीत परत खेचतो. गाडी महिनोन्महिने उभी राहिली की टाकीतलं तेल पंपातून झिरपत क्रँककेसमध्ये उतरतं. वरून टाकी रिकामी दिसते, मालक तिच्यात तेल ओततो, किक मारतो, आणि सायलेन्सरमधून गल्लीभर निळा धूर.

म्हणून आधी क्रँककेसचा खालचा प्लग उघडा, स्वच्छ घमेलं लावा. निघालेलं तेल उन्हात धरून बघा. काळं असणारच. दुधाळ असेल तर पाणी शिरलंय. चकचकीत कण असतील तर चुंबक फिरवा: चुंबकाला चिकटतं ते पोलाद, म्हणजे बेअरिंग किंवा गिअर, न चिकटणारं पिवळं ते बुशचं ब्राँझ. कण मोठे, नखाला टोचणारे असतील तरच इंजिन उघडायचा विचार करा. बारीक करड्या चिखलाला इतकं घाबरायचं कारण नाही. तो या वयाच्या इंजिनात जमतोच.

खालची जाळी रॉकेलमध्ये धुवा. बीएसएच्या बऱ्याच इंजिनांत तेल परत खेचणाऱ्या नळीत एक छोटी पोलादी गोळी असते. ती चिकटली की तेल परत जातच नाही. वायरच्या तुकड्याने तिला हलकेच वर ढकला. सोडल्यावर टक् करून खाली पडली पाहिजे. एवढ्या पाच मिनिटांच्या कामाने पुष्कळ इंजिनं वाचतात.

टाकीत मोनोग्रेड तेल घाला, इंदूरच्या उन्हाळ्यात एसएई ५०, थंडीत ४० चालतं. आजचं डिटर्जंटवालं मल्टिग्रेड तेल वर्षानुवर्षं तळाशी बसलेला गाळ सुटा करतं आणि तो पंपाकडे नेतं. इंजिन आतून स्वच्छ केलेलं असेल तरच ते वापरा. गिअरबॉक्समध्ये जीएल-५ दर्जाचं तेल नको, त्यातली गंधकाची द्रव्यं ब्राँझचे बुश खातात. जीएल-४ मागा आणि डब्यावरचं वाचूनच घ्या.

आता इंजिन फिरतंय का ते बघू. प्लग काढा, भोकातून दोन चमचे तेल सोडा, वरच्या गिअरमध्ये टाकून मागचं चाक हाताने हळू पुढेमागे करा. जाम असेल तर डिझेल आणि तेल मिसळून ओता आणि दोनचार दिवस विसरून जा. किकवर उभं राहून जोर लावला तर किकचा दातेरी भाग तुटतो आणि पिस्टन जिथल्या तिथेच राहतो.

ठिणगी: मॅग्नेटोचा स्वभाव

या गाडीला प्लगच्या ठिणगीसाठी बॅटरी लागत नाही. लुकासचा मॅग्नेटो स्वतःच वीज बनवतो. नव्या मालकांचा सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो, म्हणून सावकाश सांगतो.

पॉइंटचं, म्हणजे उघडमीट होऊन ठिणगी पाडणाऱ्या दोन टोकांचं, झाकण उघडा. दोन्ही टोकं बारीक एमरीने साफ करा, पेट्रोलच्या फडक्याने पुसा, मग पूर्ण उघडलेल्या अवस्थेत १२ थाऊचं (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) फिलर गेज हलकं घासत जाईल एवढं अंतर ठेवा. प्लगचं अंतर १५ ते १८ थाऊ. आजच्या गाड्यांसारखं मोठं ठेवलं तर मॅग्नेटोवर उगाच ताण येतो.

आता प्लगला जाणारी हायटेन्शन वायर जिथे मॅग्नेटोत शिरते तो काळा पिकअप काढा. आत स्प्रिंगवरचा कार्बन ब्रश असतो, तो सहज आतबाहेर व्हायला हवा. त्याच भोकातून आत पितळी पट्टी असलेली स्लिप रिंग दिसते, आणि तिच्यावर कार्बनची काळी पूड साचलेली असते. लाकडी काडीला पातळ फडकं गुंडाळा, पेट्रोलमध्ये बुडवून पिळा, भोकातून रिंगला टेकवा आणि कुणाला तरी मागचं चाक हळू फिरवायला सांगा. फडकं काळं होईल. बदला, पुन्हा करा, पांढरं निघेपर्यंत. काम झाल्यावर पेट्रोल पूर्ण उडू द्या, मगच ठिणगी बघा. आर्मेचर बाहेर काढायची वेळ आली तर आधी हा पिकअप आणि अर्थचा ब्रश काढायलाच हवा, नाहीतर रिंगची कड मोडते.

एवढं करून ठिणगी आली की माणूस खूश होतो. पण या मॅग्नेटोचा खरा आजार गरम झाल्यावर कळतो. जुन्या वाइंडिंगवर शेलॅकचा लेप असतो. उष्णतेने तो मऊ होतो. कंडेन्सरही म्हातारा झालेला असतो. गाडी सकाळी एका किकमध्ये चालू, वीस मिनिटांनी पलासियाच्या चौकात बंद, आणि अर्ध्या तासाने पुन्हा जणू काही झालंच नाही. असं झालं तर आधी पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडा. हवा आत ओढल्याचा आवाज येऊन गाडी लगेच चालू झाली तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय, एवढंच. काही फरक पडला नाही आणि ठिणगी पिवळट, अशक्त दिसली, तर मॅग्नेटो रिवाइंड करा आणि कंडेन्सर त्याच वेळी बदलून घ्या. मे महिन्यात पारा चाळिशीपार असताना या खर्चाला पर्याय नाही. रंगावर घालायचे पैसे इथे घाला.

पेट्रोल

टाकीत गंज असतोच. सियागंजात किराणा बाजारात सायट्रिक ॲसिड, म्हणजे नमकीनवाले वापरतात ते लिंबूसत, किलोने मिळतं. कोमट पाण्यात लिटरला साधारण ५० ग्रॅम, टाकी काठोकाठ भरून रात्रभर. सकाळी ओता, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, मग साध्या पाण्याने, आणि लगेच उन्हात वाळवून आतून तेलमिश्रित पेट्रोल फिरवा. उशीर केला तर तासाभरात नवा गंज धरतो. टाकीवर मूळ रंग शिल्लक असेल तर पाणी बाहेर ओघळू देऊ नका. आतून सीलर लावायचा सल्ला मिळेल. टाकी गळत नसेल तर नका लावू, कारण पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि जुन्या प्रकारचे सीलर त्यात सोलून निघतात.

इथेनॉलमुळेच पेट्रोलची रबरी नळी नवी, इथेनॉल सोसणारी घ्या. ते हवेतला ओलावा ओढतं आणि अमल कार्बोरेटरचं जस्तमिश्रित शरीर आतून पांढरं पडतं. गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर नळ बंद करून कार्बोरेटर रिकामा होईपर्यंत इंजिन चालू ठेवायची सवय लावा.

कार्बोरेटर उघडलाच आहे तर जेट फुंकून बघा, तार घालू नका. तारेने भोक मोठं होतं. स्लाइड बोटाने हलवून पाहा. खूप खुळखुळत असेल तर कडेने हवा शिरते आणि आयडलिंग कधीच स्थिर होणार नाही. पुष्कळ जण वैतागून बुलेटचा मिककार्ब कार्बोरेटर बसवतात. गाडी चालते, मी नाही म्हणत नाही. फक्त जुना अमल कबाड्याला देऊ नका.

ब्रेक आणि चाकं

इंजिन चालू करण्याआधी हे व्हायला हवं. लोक उलट करतात आणि मग गाडी भिंतीवर थांबते.

जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये ॲसबेस्टॉस असण्याची शक्यता धरूनच चाला. ड्रम उघडल्यावर पूड फुंकू नका, कॉम्प्रेसरची हवा तर मुळीच नको. ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाका. शूजना नवं, ॲसबेस्टॉसविरहित लायनिंग लावून घ्या. ब्रेकची केबल धाग्याने उसवलेली असेल तर दुरुस्ती नाही, नवीच घ्या.

टायरचं माप ३.२५-१९, जुन्या बुलेटचंच, त्यामुळे शोधाशोध नाही. टायरवर नक्षी छान दिसली तरी बाजूला छापलेला चार आकड्यांचा कोड वाचा: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. कोडच नसेल तर टायर प्रदर्शनाचा आहे. स्पोकवर पान्याने टकटक करत जा. सगळे साधारण एका सुरात वाजतात, सैल असलेला बद्द वाजतो.

गर्डर फोर्कला जितकी ग्रीस निपल दिसतील तितक्यांत जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत पंप मारा. मग पुढचं चाक उचलून फोर्क पकडून पुढेमागे हलवा. खटखट लागली तर हेडचे गोळे किंवा स्पिंडलचे बुश.

वायरिंग

सहा व्होल्ट आहे, दिवा मिणमिणणारच. बॅटरी जोडण्याआधी पॉझिटिव्ह अर्थ आहे की निगेटिव्ह, म्हणजे बॅटरीचं कुठलं टोक फ्रेमला जोडायचं, ते तपासा. लुकासने १९५० च्या आसपास पद्धत बदलली आणि त्यानंतर प्रत्येक मिस्त्र्याने आपापली. मूळ कापडी वायर कुठेही उघडी दिसली की ती ओळ पूर्ण नवी करा आणि बॅटरीपाशी एक फ्यूज घाला, मूळ गाडीत नसला तरी.

पहिली किक

गाडी अंगणात मेन स्टँडवर, शेजारी आगीसाठी वाळूची बादली. पेट्रोलचा नळ उघडा. कार्बोरेटरवरची छोटी पितळी पिन दाबून धरा, बोटाला पेट्रोल लागलं की सोडा. एअर लिव्हर बंद, थ्रॉटल अगदी किंचित. इग्निशनचा लिव्हर मागे, म्हणजे रिटार्डकडे (ठिणगी उशिरा), निम्म्याच्या आसपास. हा लिव्हर पूर्ण पुढे राहिला तर किक उलटी बसते आणि घोटा मोडू शकतो. चपला घालून किक मारणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

व्हॉल्व्ह लिफ्टर दाबून दोनदा सावकाश किक फिरवा. मग लिफ्टर सोडून पायाला कॉम्प्रेशन लागेपर्यंत खाली न्या. तिथे लिफ्टर पुन्हा दाबून किक अंगठाभर पुढे सरकवा, लिफ्टर सोडा, किक वर येऊ द्या. आता पूर्ण लांबीची एकच किक, झटका न देता, अंगाच्या वजनाने. बरं इंजिन तिसऱ्या-चौथ्या प्रयत्नात बोलतं. नाहीच बोललं तर प्लग काढून बघा: ओला असेल तर ठिणगी शोधा, कोरडा असेल तर पेट्रोल.

चालू झाल्याझाल्या कौतुक करत उभे राहू नका. तेलाच्या टाकीचं झाकण उघडून आत डोकावा. परतीच्या नळीतून तेल थुंकल्यासारखं, हवेच्या बुडबुड्यांसकट पडायला हवं. मिनिटाभरात आलं नाही तर इंजिन बंद करा आणि ती पोलादी गोळी पुन्हा बघा. सुरुवातीचा निळा धूर पाचेक मिनिटांत ओसरला तर चिंता नाही.

रस्त्यावर

पहिले काही दिवस कॉलनीतच, पहाटे, पोहे-जिलबीच्या गाड्या लागण्याआधी. रोज परत आल्यावर प्रत्येक नटाला पाना लावा. मागे सस्पेन्शन नसलेली गाडी नट सैल करत जाते. मग महूपर्यंत, ताशी ५०-५५ च्या आत. खंडवा रोडचा भेरू घाट अजून नको: चढताना इंजिन तापेल, आणि उतरताना त्या ब्रेकवर भरवसा ठेवण्याइतकी तुमची ओळख झालेली नाही.

गाडी चांगली गरम असताना इंजिन बंद करून प्लग बघा. चहाच्या रंगाचा असेल तर मिश्रण जमलं. पांढरा म्हणजे पेट्रोल कमी पडतंय, इथेनॉलमुळे मेन जेट एक आकडा मोठा लागू शकतो. काळा आणि सुका म्हणजे पेट्रोल जास्त. काळा आणि तेलकट म्हणजे रिंगा किंवा व्हॉल्व्ह गाइड.

३०० किलोमीटरनंतर तेल बदला आणि पुन्हा त्याच घमेल्यात, त्याच चुंबकाने तपासा. आता निर्णय घेता येतो. एका टाकीत किती तेल जळतं, कुठल्या गिअरमध्ये आवाज, गरम झाल्यावर टॅपेट खडखडतात का, हे वहीत लिहिलेलं असेल तर इंजिनवाल्याला ‘सगळं बघून घ्या’ असं मोघम सांगावं लागत नाही. सिलिंडर झिजला असेल तर रिबोअर करण्याआधी पिस्टन हातात आणा आणि त्याच्या मापाने बोअर करा. उलट केलं की पुढचे महिने पिस्टनच्या शोधात जातात.

गंमत म्हणजे बीएसए हे नाव आता आपल्या शेजारी पीथमपूरच्या कारखान्याशी जोडलेलं आहे. २०२४ च्या १५ ऑगस्टला भारतात आलेल्या गोल्ड स्टार ६५० चा एकही भाग तुमच्या एम२० ला बसणार नाही, तेव्हा शोरूममध्ये विचारायला जाऊ नका.

आणि रंग? एवढं झाल्यावर खुशाल द्या. लष्करी एम२० ला क्रोमची टाकी कधीच नव्हती, ती खाकी किंवा मळकट हिरवी आणि अजिबात न चमकणारी असे. कुठेतरी सीटखाली किंवा टाकीच्या बुडाशी मूळ रंगाचा ठिपका सापडतो. रंगवाल्याला तोच दाखवा. फ्रेम पाठवताना नंबरावर दोन पदरी टेप लावा आणि बफ किंवा सँडब्लास्ट तिथे करायचं नाही हे तोंडी न सांगता चिठ्ठीवर लिहून द्या.